बैठकीत वाचलेला अहवाल

भावजयीची फाइल मीच तयार केली होती. निळी, आत प्लॅस्टिकचे कप्पे असलेली. पहिल्या पानावर तक्ता: तपासणीचं नाव, तारीख, निकाल, शेरा. थायरॉइड, साखर, रक्त गोठण्याच्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनलिकांचा एक्स-रे आणि सगळ्यात शेवटी गुणसूत्रं. एकूण चौदा. चौदाही अहवाल चांगले आले आणि प्रत्येकासमोर मी बरोबरची खूण केली.

पाच वर्षांत तिचे तीन गर्भ गेले. पहिला नवव्या आठवड्यात, दुसरा अकराव्या, तिसरा आठव्या. माझा धाकटा भाऊ वाळूजला कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतो आणि आईचे गुडघे गेलेले, म्हणून दवाखान्याची कामं माझ्याकडे आली. मला ती जमतात. मी सिडकोत राहते, आईचं घर गारखेड्याला. स्कूटरवर पंधरा मिनिटं लागतात. शिवाय मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं मला पूर्ण कळतं, असं घरात सगळे धरून चालत. मीही धरून चालले होते.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, ‘दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी.’ ‘दोघांच्या’खाली रेघ मारली होती. त्या आठवड्यात भावाची दुसरी पाळी होती. मी म्हटलं, आधी हिचं करून घेऊ, नंतर तुझं बघू. तिचं रक्त हिरव्या झाकणाच्या नळीतून पुण्याला गेलं, तीन आठवड्यांनी अहवाल आला. सेहेचाळीस गुणसूत्रं, सगळी जागच्या जागी. मी तो चौदाव्या कप्प्यात घातला आणि फाइल बंद केली. भावाची तपासणी राहिली. फाइल तिच्या नावाची होती. तिच्यात त्याच्यासाठी ओळच नव्हती. आणि जे माझ्या कागदावर नसतं, ते माझ्या हातून होत नाही.

हे मी आज जितक्या सरळपणे लिहिते आहे तितकं ते सरळ नाही. बावीस वर्षं मी वर्गात अर्धसूत्री विभाजन शिकवते. फळ्यावर लाल आणि पांढऱ्या खडूनं जोड्या काढते. आईकडून आलेलं लाल, बापाकडून आलेलं पांढरं. मग सांगते की शरीरातल्या बाकीच्या पेशी वाटणी करताना सगळंच दुप्पट करून समान वाटतात, पण स्त्रीबीज आणि शुक्राणू तयार होताना जोड्या फुटतात. आधी जोडीतली दोघं एकमेकांना चिकटून बसतात, आपसात तुकडे बदलतात, मग लांब होतात. प्रत्येक जोडीतलं एकच पुढं जातं, सेहेचाळीसचे तेवीस होतात. निम्मं इकडून, निम्मं तिकडून. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल ते मोजलेलं नाही. घरी मात्र मी निम्म्याच माणसांची तपासणी केली.

आईला मी निकाल सांगितला. आई पाटावर बसून शेपू निवडत होती.

“म्हंजी डॉक्टरला बी कळंना,” ती म्हणाली. “सगळं चांगलं हाय आन् तरी टिकत नाय. मग तिच्या नशिबातच नाय म्हनायचं.”

“आई, नशिबाचा अहवाल निघत नाही.”

“तुला लई कळतं. मग सांग की कशानं झालं.”

महिनाभरात आईनं तिच्या भावाला, म्हणजे माझ्या मामाला, बोलावून घेतलं आणि भावजयीच्या माहेरी फारकतीचा निरोप गेला.

बैठक तिच्या माहेरी ठरली, कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं. मका, अद्रक, थोडा ऊस. आमच्याकडे नवराबायकोचं बिनसलं की वकिलाआधी बैठक होते. दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर समोरासमोर बसतात, एक जण लिहून घेतो, सगळे सह्या करतात. बायका आतल्या खोलीत, दाराला कान लावून. कोर्टाचा कागद नंतर होतो. पण गावात, सोयऱ्यांत जे धरलं जातं ते बैठकीतलं. तिथं एखाद्या मुलीबद्दल जे बोललं जातं ते तिच्यामागं पुढच्या घरापर्यंत जातं.

मी एकटी बाई बैठकीत बसले, कारण फाइल माझ्याकडे होती.

भावजयीच्या चुलत्यांनी ती मांडीवर घेतली. साठीचे, पांढरी टोपी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. एकेक कप्पा उलटत गेले. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण नाव वाचता येत होतं.

“चौदा कागद,” ते म्हणाले. “चौदाही आमच्या पोरीचे. जावईबापूंचा कोनता?”

मामा हसले. “गड्याला काय झालंय? धडधाकट हाय. उद्या कुस्तीत उतरवा.”

आमच्या बाजूचे सगळे हसले. त्यांच्या बाजूचेही दोघं-तिघं हसले. चुलते हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“ताई, तुम्ही शिकवता ना हेच? तुम्ही सांगा.”

मी म्हणाले, “तिच्या सगळ्या तपासण्या केल्यात. कारण सापडलं नाही.”

हे खरं होतं. आणि लिहिणाऱ्यानं ते असं लिहिलं: ‘मुलीला मूल टिकत नाही, सर्व उपाय झाले, सबब उभयपक्षी राजीखुशीनं फारकत.’ खाली अकरा सह्या झाल्या. बारावी माझी. आत खोलीत कुणीतरी भांडं जोरात आपटलं, एवढंच ऐकू आलं. भावजय बाहेर आली नाही. पुढच्या आठवड्यात वकिलानं दोघांच्या संमतीचा अर्ज टाकला. सहा महिन्यांनंतरची तारीख मिळाली.

परतताना एसटी वेरूळपर्यंत रिकामीच होती. खुलताबादला गर्दी चढली. चुलत्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. सोमवारी पहिल्या तासाला नेमका तोच धडा होता. लाल खडूनं एक रेघ काढली, पांढऱ्या खडूनं दुसरी, आणि मला पुढचं वाक्य म्हणता येईना. मी मुलांना आकृती उतरवून घ्यायला सांगितली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

भावाला तपासणीला न्यायला मला दोन महिने लागले. “आता कशाला, ताई? झालं ना सगळं,” असं तो म्हणायचा. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी स्वतःच आला. “काही निघणार नाही, बघ. तुझं समाधान होऊ दे.” मला वाटतं, त्यालाही जाणून घ्यायचं होतं.

निघालं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून समजावलं. त्याची गुणसूत्रं सेहेचाळीसच, पण दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांच्या टोकाचे तुकडे आपसात बदललेले. हरवलेलं काही नाही, म्हणून त्याला स्वतःला कसलाही त्रास नाही. त्रास पुढं. त्याचे शुक्राणू तयार होताना जोड्या फुटतात, तेव्हा काहींत सगळं पूर्ण जातं आणि काहींत एखादा तुकडा जास्तीचा आणि दुसरा गायब. तसा गर्भ बहुतेक वेळा टिकत नाही. उपाय आहेत, डॉक्टर म्हणाले. पुन्हा प्रयत्न करता येतो, प्रयोगशाळेत गर्भ तपासून घेता येतो. हे बहुधा आईवडिलांपैकी कुणाकडून तरी आलेलं असतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही सख्ख्या बहीण ना? तुमचीही शक्यता निम्मी. मूल आहे तुम्हाला?”

“एक मुलगी.”

“मग करून घ्या.”

आम्ही गाडीपाशी आलो. किल्ली लावायच्या आधी भाऊ म्हणाला, “हे बाहेर जाता कामा नये.”

“तिला तरी सांगायला हवं.”

“तिला सांगितलं म्हणजे कन्नड तालुक्याला सांगितलं.”

“अरे, तारीख अजून व्हायचीय. अर्ज मागं घेता येतो. उपाय आहे म्हणाले ना ते.”

“आईनं वैजापूरकडचं स्थळ बघितलंय,” तो म्हणाला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. “आणि मी तिच्यापुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? पाच वर्षं ती सुया टोचून घेत होती. मी बाहेर बाकड्यावर मोबाइल बघत बसायचो.”

अहवाल त्यानं घडी करून खिशात ठेवला. अहवाल त्याचा, त्याच्या परवानगीशिवाय तो कुणाला दाखवता येत नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, आणि ते बरोबर आहे. मी आठ दिवस दुसरा मार्ग शोधला. मग जाऊन स्वतःचं रक्त दिलं.

त्या तीन आठवड्यांत मी आईकडे जाऊन बसले. माझ्यात आणि भावात नऊ वर्षांचं अंतर आहे. लहानपणी त्याचं काही वाटलं नव्हतं. मी सरळच विचारलं, “आई, माझ्यानंतर किती गेले?”

आईनं ऐकू न आल्यासारखं केलं. मी पुन्हा विचारलं.

“चार,” ती म्हणाली. “एक तर पाचव्या महिन्यात. पोरगा व्हता.”

“कधी बोलली नाहीस.”

“बोलून काय? माझी सासू मला देवघरात येऊ देत नव्हती. हळदीकुंकवाला गेले तर बाया ओटी भरायला मागं सरायच्या. तुझा भाऊ झाला तवा कुठं सुटले.”

“आणि तरी तू हिला तसंच केलंस?”

“मग काय करू?” आई एकदम चिडली. “मला कुनी इचारलं व्हतं का, तुझं रगत बघू म्हनून? माझं झालं तसं तिचं झालं. बाईचं असंच ऱ्हातं.”

तिचं रक्त तपासू का विचारलं, तर तिनं हात पदराखाली घेतला. वडील जाऊन सात वर्षं झाली. हे कुणाकडून आलं ते आम्हाला कधीच कळणार नाही.

माझा अहवाल आला. तोच बदल, त्याच दोन गुणसूत्रांत. मुलीच्या आधी माझंही एक गेलं होतं, अडीच महिन्यांचं. सिडकोतल्या रस्त्याचे खड्डे आणि स्कूटर, असं मी धरून चालले होते. वीस वर्षं मी त्या रस्त्याला दोष दिला.

माझी मुलगी पुण्याला शिकते. मी तिला फोन केला, सगळं सांगितलं, आणि कन्नडला जाऊन बोलणार आहे हेही.

“आई, थांब ना,” ती म्हणाली. “आधी माझं तपासू. माझ्यात नसलं तर मग बोल. माझं अजून काहीच ठरलेलं नाही आणि तू गावभर सांगणार, आमच्यात हे आहे म्हणून?”

“कोर्टाची तारीख जवळ आलीय.”

“म्हणजे तिचं आधी, माझं नंतर?”

मी म्हणाले, या वेळेपुरतं हो. तिनं फोन ठेवला.

मी कन्नडला गेले तेव्हा भावजय अंगणात लावणीसाठी बेण्याचं अद्रक निवडत होती. सडकी कांडी एका टोपलीत, चांगली दुसरीत. मला बघून ती उठली नाही. “बसा,” म्हणाली. तिच्या आईनं पाणी आणून दिलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

मी अहवाल काढला. ती इंग्रजी वाचते, पण त्या कागदावरचं तिला लागेना. मी समजावलं. म्हटलं, असं समज की प्रत्येकाकडे एकेका विषयाची दोन-दोन रजिस्टरं असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. आमच्यात काय झालंय, तर एका विषयाच्या रजिस्टरची शेवटची पानं दुसऱ्याच विषयाच्या रजिस्टरला शिवली गेलीत आणि त्याची पहिल्याला. पानं सगळी आहेत, म्हणून आमचं काम अडत नाही. पण मुलाला देताना प्रत्येक विषयाचं एकेकच द्यायचं असतं. कधी दोन्ही नीट जातात. कधी दोन्ही चुकीची शिवलेली जातात, तरी पानं पूर्ण भरतात. माझं तसंच झालं. आणि कधी एक नीट, एक चुकीचं. मग काही पानं दोनदा येतात आणि काही येतच नाहीत.

“हा कागद तुमचा आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“त्यांचा?”

“त्याचा मला दाखवता येत नाही.”

तिला जे कळायचं ते कळलं. ती हातातल्या कांडीची माती नखानं काढू लागली.

“मी दुसऱ्या वेळी पपई खाल्ली होती,” ती म्हणाली. “दोन फोडी. फ्रीजमधली. कुणाला सांगितलं नाही. चार वर्षं झाली.”

“पपईनं झालेलं नाही.”

“नक्की?”

“नक्की. तुझ्या कशानंच झालेलं नाही.”

तिची आई उंबऱ्यावर पदर तोंडाला लावून रडायला लागली. भावजय रडली नाही. मी म्हटलं, उपाय आहे, अजून अर्ज मागं घेता येतो, घरी चल.

“त्यांनी पाठवलंय तुम्हाला?”

“नाही.”

“मग कुणाच्या घरी चलू?” तिनं कांडी चांगल्या टोपलीत टाकली. “ताई, मला एकटीला सांगून काय उपयोग? मला बघायला माणसं येतात, चहा पितात, आणि जाताना चुलत्यांना विचारतात, बैठकीत काय झालं होतं. बैठकीत बोललात ना तुम्ही? मग बैठकीतच बोला.”

चुलत्यांनी पुन्हा बैठक बोलावली. आमच्याकडून मामा आले ते मला थांबवायला. आई आली नाही, भाऊ आला नाही. तीच सतरंजी, जवळपास तीच माणसं. मी भावजयीला बाहेर येऊन बस म्हटलं. ती दारात बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

मी माझा अहवाल वाचला आणि तसाच रजिस्टरांच्या पानांवरून मराठीत सांगितला. भावाचं नाव घेतलं नाही. म्हणाले, हा दोष माझ्या माहेरच्या रक्तात आहे, माझ्यात आहे. मागच्या वेळी मी कारण सापडलं नाही म्हणाले. ते अर्धवट होतं, कारण आम्ही आमच्या बाजूचं काही तपासलंच नव्हतं. ते माझं काम होतं आणि मी ते केलं नाही.

“अगं, कुठं काय बोलावं,” मामा माझी बाही ओढत म्हणाले. “घरात पोरगी हाय तुझ्या.”

“माहितीय.”

समोरचा एक म्हातारा पुढं वाकला. “मास्तरीनबाई, ते पानं-बिनं राहू द्या. आमची पोरगी चांगली हाय का नाय, तेवढं सांगा.”

“चांगली आहे. पहिल्यापासून होती.”

“लिवा,” चुलते म्हणाले.

लिहिलं गेलं. आधीची ओळ खोडायची की नवी जोडायची, यावर थोडी चर्चा झाली. चुलत्यांनी खोडायला लावली. कागद सह्यांसाठी फिरला. मामांनी केली नाही. कागदाची एक झेरॉक्स भावजयीनं स्वतःकडे मागून घेतली आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. मग उठून आत गेली. मी निघाले तेव्हा ती बाहेर आली नाही. तिच्या आईनं मला कुंकू लावलं, पण ‘परत या’ असं म्हणाली नाही. आमच्याकडे निघणाऱ्याला ते म्हणतातच.

तारखेला कोर्टात पाच मिनिटं लागली. न्यायाधीशांनी दोघांना एकेकदा विचारलं, दोघंही हो म्हणाले. भाऊ तिच्याकडे बघत होता. ती समोर बघत होती. बाहेर आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. वैजापूरच्या लोकांचा नकाराचा निरोप त्याआधीच आला होता.

आई माझ्या हातचं खाते, औषधं घेते, पण मला नावानं हाक मारत नाही. आणि मुलीनं अजून तपासणी केलेली नाही. मी तारीख घेऊन ठेवते, ती येत नाही. मागच्या वेळी म्हणाली, “निघालं तर तू ते कुणाकुणाला सांगणार आहेस, ते आधी सांग.”

कुणालाच नाही, असं मी म्हणाले. तिनं त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि मला तिला दोष देता येत नाही.